नीळ येते कोठून?

कोल्ह्याची गोष्ट कोणाला ठाऊक नाही? भुकेला कोल्हा रात्री गावात शिरतो. कुत्री पाठीस लागतात. जीव वाचवायला तो एका रंगाऱ्याच्या अंगणात पळतो आणि निळीच्या रांजणात पडतो. बाहेर येतो तो निळा होऊनच. रानातली जनावरे त्याला भितात, राजा मानतात. मग एके रात्री दूरवर दुसरे कोल्हे ओरडतात. याला राहवत नाही. हाही तोंड वर करून ओरडतो आणि राजाचे बिंग फुटते. पंचतंत्रातली ही गोष्ट आहे, फार जुनी.

कार्ल्याजवळच्या एका वाडीत आम्ही रात्रीचा वर्ग घेतो. तिथे ही गोष्ट वाचून झाली तेव्हा एक आजी म्हणाल्या, "बाई, धुण्याच्या निळीत कोल्हा बुडाला असता, तर पहिल्याच पावसात धुऊन निघाला असता. आणि पाऊस म्हणाल तर आपल्या मावळातला! मग हा राजा इतके दिवस टिकला कसा?"

प्रश्न बिनतोड होता. आजी अजून जोडाक्षरापाशी अडतात. पण जन्मभर धुणे धुतलेल्या बाईला रंग कोणता टिकतो आणि कोणता उतरतो, हे आम्ही काय शिकवणार!

दुसरेही एक कारण होते. त्याच सुमारास वाडीत एक खरेदीदार येऊन गेला होता. "वरकस जमिनीत नीळ लावा, ओला पाला किलोच्या भावाने आम्ही उचलू," असे सांगून त्याने छापील कागद वाटले होते. सही नाहीतर अंगठा, असे खाली लिहिलेले होते. बायकांनी तो कागद वर्गात आणला. तेव्हा नीळ म्हणजे काय, ती येते कोठून, आणि तिच्यात कोणाला काय मिळते, हे सगळे नीट समजून घेणे भाग पडले. त्या चार-पाच रात्रींत जे बोलणे झाले, ते इथे लिहीत आहोत.

आधी धुण्याची नीळ बाजूला ठेवू. दुकानात पुडीत मिळणारी जुनी निळी पूड ही झाडाची नव्हे. ती माती, सोडा, गंधक अशा वस्तू भट्टीत तापवून करतात. बाटलीत मिळणारी पातळ नीळ कारखान्यातल्या दुसऱ्या रंगांची असते. दोन्हींचे काम कापड रंगवण्याचे नाहीच. पांढरे कापड वापरून पिवळट दिसू लागते. त्यावर निळी झाक आली की ते आपल्या डोळ्यांना शुभ्र वाटते. भिंतीच्या चुन्यात आपण चिमूटभर नीळ घालतो, तीही याचसाठी. ही नीळ पुढच्या धुण्यात निघून जाते. आजींचे म्हणणे खरे होते. कोल्हा या निळीत पडला असता तर राजा झाला नसता.

कोल्ह्याची नीळ झाडाची होती.

आता झाडाची नीळ म्हटले की मनात काय येते? निळी फुले असलेले झाड. वर्गातही तसेच झाले. कोणी म्हणाले कारवी, कोणी म्हणाले अंजनी, कोणी म्हणाले गोकर्ण. तिन्ही आपल्या ओळखीची. एकेकीकडे पाहू.

कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. त्या वर्षी राजमाची, खंडाळ्याकडचे डोंगर जांभळे-निळे दिसतात आणि मुंबईची माणसे गाड्या भरून बघायला येतात. पण कारवीच्या काठ्यांचा उपयोग कुडाच्या भिंतीला आणि फुलांचा मधमाश्यांना. कापडाला तिचा रंग नाही. गंमत म्हणजे आसाम-मणिपुराकडे कारवीचीच एक चुलत बहीण आहे, तिच्या पानांतून मात्र तिकडचे लोक चांगली नीळ काढत आले आहेत.

अंजनीचे झाड लोणावळा-खंडाळ्याच्या रानात पुष्कळ. फांदीला चिकटून निळ्याशार फुलांचे झुबके येतात. इतका सुंदर निळा रंग दुसऱ्या झाडाला क्वचितच असेल. पण तिच्या पानांपासून जो रंग करतात तो पिवळा!

गोकर्णीची फुले गरम पाण्यात टाकली की पाणी निळे होते. त्यात लिंबू पिळा, ते जांभळे-गुलाबी होईल. मुलांना दाखवायला हा खेळ छान आहे. सरबतालाही हा रंग चालतो. कापडावर टाकला तर ऊन आणि साबण त्याला टिकू देत नाहीत. लिंबाच्या चार थेंबांनी जो बदलतो, त्याचा भरवसा काय धरावा?

म्हणजे फुलाच्या निळेपणावर जाण्यात अर्थ नाही. खऱ्या निळीचे झाड बघितले तर कोणी त्याच्याकडे वळूनही बघणार नाही. कमरेइतके, फार तर डोक्याइतके वाढणारे झुडूप. शेवरीसारखी, पण लहान पाने. एका देठाला दोन्ही बाजूंनी चार-सहा जोड्या आणि टोकाला एक. फुले बारीक, गुलाबी. शेंगा बोटाच्या पेराएवढ्या, थोड्या वाकड्या. या झाडाला नीळ म्हणतात, नीलिनी म्हणतात, जुन्या मराठीत गुळी असेही म्हणतात. हे तूर-मुगाच्या कुळातले आहे, म्हणून त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि जमिनीला त्याचा बेवड चांगला.

त्याच्या भावकीतली बरीच रोपे सह्याद्रीच्या उतारावर रानटी उगवतात. निरडा किंवा चिमणाटी हे झुडूप त्यातलेच. उन्हाळ्याच्या तोंडाला गुलाबी फुलांनी भरते. पण भावकी एक म्हणून गुण एक असे माणसांत नसते, तसे झाडांतही नसते. रंगासाठी पेरायची ती खरी नीळच. खंडाळ्याच्या झाडाझुडपांची ओळख ज्याला नीट करून घ्यायची असेल, त्याच्यासाठी फादर सांतापाव या मुंबईच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मोठे काम करून ठेवले आहे. पायी हिंडून त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींची यादी केली आणि ती १९५३ साली पुस्तकरूपाने निघाली. पुस्तक इंग्रजीत आहे. पण घरात कॉलेजात जाणारी नात असेल तर तिच्याकडून वाचून घ्यावे.

आणखी एक झाड सांगितलेच पाहिजे, कारण ते आपल्या रानातले आहे. काळा कुडा. पांढऱ्या कुड्याच्या फुलांची भाजी आपण खातो; त्याच्याबरोबर याची गल्लत होते. दोघांनाही तोडले की दूध येते, दोघांचीही फुले पांढरी. काळ्या कुड्याची खूण म्हणजे त्याच्या शेंगा. लांब, बारीक, जोडीने लोंबतात आणि दोन शेंगांची टोके खाली एकमेकांना चिकटलेली असतात. या झाडाच्या पानांत खरी निळीचीच नीळ असते. दक्षिणेत ती गरम पाण्यात पाला भिजवून काढत. रॉक्सबर्ग नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या शेवटी यावर प्रयोग केले होते. पण झाडावर चढून पाला ओरबाडायचा, आणि झाड पुन्हा पालवायला वेळ लागणार. म्हणून धंद्याला झुडूपच बरे. आम्ही तर सांगू की रानातला कुडा ओरबाडूच नये.

हिरव्या पानात निळा रंग असतो तर तो दिसत का नाही?

असतो, पण सुटा नसतो. पानात एक बिनरंगी वस्तू असते आणि तिला साखर चिकटलेली असते. जोवर पान जिवंत आहे तोवर ती तशीच राहते. पाला कापून पाण्यात बुडवून ठेवला की तो आंबू लागतो. साखर सुटते. उरलेली वस्तू पाण्यात उतरते. पाणी पिवळट-हिरवे होते, निळे नव्हे. आता त्या पाण्याला हवा लागली, की त्या वस्तूचे दोन-दोन कण एकमेकांत अडकतात आणि निळा कण तयार होतो. कापलेले वांगे हवेने काळे पडते ना? काहीसे तसेच.

म्हणून निळीच्या कामाला दोन टाक्या लागत. एक वर, एक खाली. फुलकळी धरायच्या सुमारास पहाटे झाड कापायचे, कारण पाना-पानातला रंग त्या वेळी भरलेला असतो. मोळ्या वरच्या टाकीत घालायच्या, त्यावर ओंडके दाबायचे, पाणी सोडायचे. दहा ते पंधरा तास भिजू द्यायचे. कमी भिजले तर रंग उतरत नाही, जास्त भिजले तर नासतो. वास असा सुटतो की नाक धरावे. मग पाणी खालच्या टाकीत सोडायचे आणि ते घुसळायचे. माणसे कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून लाकडी वल्ह्यांनी, नाहीतर हातापायांनी, दोन-तीन तास पाणी झोडपत. फेस आधी हिरवट, मग निळा. घुसळणे पुरे झाले की पाणी निवू द्यायचे. निळा गाळ तळाशी बसतो. वरचे पाणी काढून शेतात सोडायचे, गाळ उकळायचा, गाळायचा, कापडात बांधून दाबायचा, वड्या पाडायच्या आणि सावलीत वाळवायच्या. उरलेल्या चोथ्याचे खत उत्तम होते.

आता हिशेब. शंभर किलो ओल्या झाडातून चांगली नीळ मिळते पाव किलोच्या आसपास. झाड फार चांगले असले, हात कसलेला असला तर थोडी अधिक. म्हणजे एक किलो निळीला चारशे किलो पाला. हा चारशेचा आकडा ध्यानात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

वडी हाती आली, तरी कापड रंगवायचे राहिलेच. हळद पाण्यात कालवली की कापड पिवळे होते. तशी नीळ पाण्यात कालवा. काही होणार नाही. ती विटेच्या भुकटीसारखी तळाशी जाऊन बसेल. नीळ पाण्यात विरघळतच नाही. म्हणूनच तर ती धुण्यात निघत नाही! पण जी विरघळत नाही ती धाग्यात शिरायची कशी? हे कोडे ज्यांनी सोडवले त्यांना शाळा माहीत नव्हती.

त्यांनी निळीला पुन्हा हिरवी केली. तिच्यातली हवेची करामत उलटवली. सोलापूर, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), पुणे या भागांत निराळी नावाची जात होती. निळीचे रंगकाम हाच त्यांचा पिढीजात धंदा. रांजण जमिनीत पुरायचा, म्हणजे ऊब टिकते. त्यात पाणी, वाटलेली नीळ, चुना आणि आंबण्यासाठी गूळ किंवा तसे काहीतरी. शिवाय दक्षिणेतल्या रंगाऱ्यांची एक खास वस्तू होती, टाकळ्याचे बी. होय, तोच टाकळा. पहिल्या पावसानंतर ज्याची कोवळी पाने आपण भाजीला खुडतो आणि नंतर ज्याला तण म्हणून शिव्या देतो, त्याचे बी शिजवून रांजणात घातले की आंबवणे चांगले चालते.

चार-सहा दिवसांत रांजण चालू होतो. वर तांब्यासारखी चकाकणारी साय येते, निळा फेस जमतो आणि साय बाजूला केली तर खाली पाणी पिवळट-हिरवे. नीळ विरघळली! आता ओले, स्वच्छ कापड हळूच बुडवायचे, पाणी ढवळायचे नाही. थोड्या वेळाने बाहेर काढायचे. कापड पिवळट-हिरवेच असते. बघता बघता, अगदी डोळ्यांदेखत, कडेपासून निळे होत जाते. हवा लागली आणि नीळ धाग्यातच परत घट्ट झाली. एकदा बुडवले तर आकाशी. दहा वेळा बुडवले तर काळ्याला टेकणारा निळा. तुरटी नको, दुसरे काही नको. चुन्याचे पाणी हाताची कातडी खाते, म्हणून हातमोजे घालावेत. आजचे रंगारी घाईसाठी कॉस्टिक आणि हायड्रोस वापरतात. त्यांच्याबाबत तर दुप्पट जपावे. प्रमाण पुस्तकातून शिकण्यापेक्षा जाणत्याच्या हाताखाली चार दिवस राहून शिकावे, असे आमचे मत आहे. रांजणाची तब्येत वासावरून कळते आणि वास काही आम्हाला छापता येत नाही.

हे ऐकल्यावर वर्गातली एक सून म्हणाली, "म्हणजे कोल्हा रांजणातून निघाला तेव्हा हिरवा असणार, आणि पळता पळता निळा झाला असणार." अगदी बरोबर. पंचतंत्रकाराने हे लिहिलेले नाही. पण पावसाने कोल्हा उघडा पडला असेही तो सांगत नाही. कोल्ह्याला त्याच्या ओरडण्याने उघडे पाडले, रंगाने नव्हे. गोष्ट सांगणाऱ्याने रंगाऱ्याचे अंगण नीट पाहिलेले दिसते.

निळ्या कापडाची आणखी एक ओळख आपल्या बाजूची आहे. मुंबईत डोंगरी आहे ना, तिथे पूर्वी जाडेभरडे सुती कापड विकले जाई. गोऱ्या व्यापाऱ्यांनी त्याला 'डंगरी' म्हणायला सुरुवात केली. खलाशी-कामगारांच्या निळ्या विजारींना इंग्रजीत आजही तेच नाव आहे. लोणावळ्याच्या स्टेशनवर उतरणाऱ्या शंभरातल्या पन्नास पोरांच्या अंगात निळी जीन असते. तीही निळीनेच रंगवलेली, फक्त ती नीळ कारखान्यातली. नीळ धाग्याच्या वरवर बसते, आतला गाभा पांढरा राहतो. म्हणून जीन गुडघ्यावर विटते. पोरे तर विटलेलीच मागतात!

कारखान्यातली नीळ म्हटल्यावर चंपारणची कहाणी आली. ती आम्ही दोन रात्री सांगितली, कारण त्या छापील कागदाशी तिचा संबंध होता.

युरोपात कापड निळे करायला पूर्वी वोड नावाचे झुडूप होते. त्यात रंग थोडा. आपल्याकडची नीळ तिकडे गेली आणि वोड मागे पडले. निळीला इंग्रजीत इंडिगो म्हणतात, त्याचा मूळ अर्थच 'हिंदुस्थानातली वस्तू'. मागणी वाढली तसे गोरे मळेवाले बंगालात आणि बिहारात निळीच्या कोठ्या घालून बसले. शेतकऱ्याला थोडी उचल द्यायची, कागदावर अंगठा घ्यायचा आणि चांगल्या भातजमिनीत नीळ पेरायला लावायची. भाव कोठीवाला ठरवणार. उचल कधी फिटत नसे. बापाचे कर्ज मुलाच्या नावावर चढे. १८५९-६० साली बंगालातल्या शेतकऱ्यांनी नीळ पेरणार नाही म्हणून उठाव केला. दीनबंधु मित्र यांनी 'नीलदर्पण' नाटक १८६० साली लिहिले. त्याचा इंग्रजी तर्जुमा प्रसिद्ध केला म्हणून जेम्स लाँग या पाद्र्याला १८६१ साली एक महिना तुरुंग आणि हजार रुपये दंड झाला.

बिहारच्या चंपारण जिल्ह्यात जुलूम पुढेही चालू राहिला. तिथे वीस कठ्ठ्यांचा एक बिघा. त्यातल्या तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे, असा दंडक होता. त्याला तिनकठिया म्हणत. आपल्या भाषेत सांगायचे तर एकराच्या चाळीस गुंठ्यांतले सहा गुंठे, आणि ते सहा कोणते, हे कोठीवाला दाखवणार.

मग १८९७ साली जर्मनीतल्या एका कारखान्याने रसायनांपासून केलेली नीळ बाजारात आणली. ती स्वस्त होती, एकसारखी होती. झाडाच्या निळीचा भाव कोसळला. तुम्ही म्हणाल, सुटले बिचारे! नाही सुटले. कोठीवाल्यांना आता नीळ नको होती. मग ते शेतकऱ्याला म्हणू लागले, "तुला निळीतून मोकळे करतो. त्याबद्दल जास्त खंड लिहून दे." काहींकडून रोख रक्कम घेतली, तिला तावान म्हणत. नीळ लावली तेव्हाही अंगठा शेतकऱ्याचा, आणि नीळ बंद झाली तेव्हाही अंगठा शेतकऱ्याचाच.

राजकुमार शुक्ल या शेतकऱ्याने गांधीजींचा पिच्छा पुरवला. १९१७ च्या एप्रिलात गांधीजी चंपारणला पोहोचले. त्यांनी भाषणे केली नाहीत. वकील मंडळींना बसवून हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तावानाचा चौथा हिस्सा शेतकऱ्यांना परत मिळाला आणि १९१८ च्या कायद्याने तिनकठिया गेला.

या कामात आपल्या मराठी बायका होत्या, हे फार कमी लोकांना माहीत असते. गांधीजींच्या ध्यानात आले की गावांत शाळा नाहीत, अज्ञान आणि घाण फार. त्यांनी शिकवायला माणसे मागितली. मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले आल्या, पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन आल्या. बेळगावचे सोमण वकील आले. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे डॉक्टर देव औषधपाण्यासाठी आले. बायकांची अडचण ही, की आम्हाला हिंदी येत नाही, शिकवायचे कसे? गांधीजींनी सांगितले की व्याकरण नका शिकवू, स्वच्छता आणि चालरीत शिकवा. आणि पहिल्या इयत्तेची अक्षरे व अंक शिकवणे काही कठीण नाही. मराठी आणि हिंदीचे बाळबोध अक्षर एकच. अवंतिकाबाईंनी बडहरवा गावच्या शाळेत काम केले. ती शाळा नोव्हेंबर १९१७ मध्ये सुरू झाली होती.

तिथली एक हकीगत गांधीजींनी आत्मचरित्रात सांगितली आहे. भितिहरवा गावाजवळच्या काही बायकांची लुगडी फार मळलेली दिसली. तुम्ही कपडे का धूत नाही, हे विचारायला त्यांनी कस्तुरबांना सांगितले. एका बाईने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेले आणि दाखवले, की घरात पेटी नाही, कपाट नाही. अंगावर आहे ते एकच लुगडे. ते धुवायचे कधी आणि नेसायचे काय?

ज्या जिल्ह्याने जगाची कापडे निळी केली, तिथल्या बाईपाशी दुसरे लुगडे नव्हते.

हे वाचले त्या रात्री वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आजींनीच कंदिलाची वात वर करावी तसे म्हटले, "आता तो कागद काढा."

कागद काढला. वर्गातल्या तिघी जणींनी आळीपाळीने तो मोठ्याने वाचला. भाव लिहिला होता, पण भावापुढे 'पर्यंत' असा शब्द होता. किलोला अमुक रुपये 'पर्यंत'. म्हणजे त्याहून कमी दिला तरी कागद मोडत नाही. माल पसंत पडला तरच घेऊ, असेही होते. पसंत कोणी करायचा, कोठे करायचा, नापसंत झाला तर गाडीभाडे कोणाचे, हे काहीच नव्हते. आणि तीन वर्षे दुसऱ्या कोणाला पाला विकायचा नाही, असे शेवटी बारीक अक्षरांत होते. बारीक अक्षरे वाचायला वेळ लागला. चष्मा दोघींत एक.

मग फळ्यावर हिशेब मांडला. बाजारात चांगल्या निळीचा किलोचा भाव काय चालला आहे, ते आधी काढायचे. त्याला चारशेने भागायचे. जो आकडा येईल, तितकी किंमत एक किलो ओल्या पाल्यातल्या रंगाची. त्यातून टाकी, मजुरी, जळण, वाहतूक आणि त्याचा नफा वजा जाणार, हे कबूल. पण उरलेल्यातले आपल्याला किती देतो, हे तरी कळते. पाला सावलीत वाळवून त्याची पूड केली, तर तीही विकते. केसांना लावायला मेंदीबरोबर तिला आज मोठी मागणी आहे. चार-पाच किलो ओल्या पाल्याचा साधारण एक किलो वाळलेला पाला होतो. वाळवणे घरी जमते. टाकी बांधावी लागत नाही.

झाडाच्या निळीला आज गिऱ्हाईक आहे, ही गोष्ट खोटी नाही. तामिळनाडूत विळुप्पुरम भागात आणि आंध्रात कडप्पाकडे शेतकरी ती लावतात. कच्छचे अजरख छापणारे कारागीर ती वापरतात. तेव्हा चंपारणचे भूत दाखवून कोणाला घाबरवायचे नाही. पण मावळात ती कितपत येईल, याबद्दल आम्ही वर्गात सावधच बोललो. लोणावळ्यात वर्षाला दीडशे इंचांहून जास्त पाऊस पडतो. नीळ पाणी साचलेले सोसत नाही. भाताच्या खाचरात तिचे नावच काढू नका. आंबेमोहोर, इंद्रायणी सोडून तिथे दुसरे काही लावणे हा करंटेपणा होईल. वडगाव-तळेगावकडे पाऊस निम्म्याहून कमी, तिथल्या निचऱ्याच्या मुरमाड जमिनीत तिला जास्त सोयीचे. आमच्या वाडीत वरकस उतारावर आधी एकच वाफा करून बघावा, असे ठरले. वर्षभर झाड कसे येते ते दिसेल, आणि तोवर कागदाची घाई नाही.

खरेदीदार पुन्हा आला तेव्हा बायकांनी त्याला तीन गोष्टी लिहून आणायला सांगितल्या. 'पर्यंत' काढून नक्की भाव. माल वाडीतच, सगळ्यांसमोर तोलायचा आणि पसंत करायचा. आणि तीन वर्षांचे बंधन एक वर्षाचे. "तुम्ही एवढं वाचता होय!" असे तो म्हणाला. नवा कागद अजून आलेला नाही. आला तर वर्गात वाचू.

बी मात्र आणले आहे. निळीचे बी बारीक आणि टणक सालीचे असते. तसेच पेरले तर पुष्कळसे उगवत नाही. म्हणून ते जाड वाळूबरोबर फडक्यात घालून हलके चोळायचे, म्हणजे सालीवर ओरखडे पडतात, आणि रात्रभर पाण्यात भिजवायचे. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की हातभर अंतरावर ओळी धरून पेरायचे, वर मातीचा पातळ थर. तीन महिन्यांनी कळी धरेल. तेव्हा एक पान तोडून पांढऱ्या फडक्यावर ठेवायचे, वाटीच्या बुडाने ठेचायचे आणि फडके हवेवर ठेवायचे. डाग आधी हिरवा दिसेल. तो निळसर होतो की नाही, ते थोडा वेळ थांबून बघायचे. आजींनी त्यासाठी एक जुने पांढरे धोतर फाडून ठेवले आहे.